चौथं बिऱ्हाड

“बशा अशा आडव्या रचायच्या नाहीत, हेमाताई. उभ्या लावायच्या. पुस्तकं लावतो तशा. मग टेम्पो कितीही आदळला तरी एक फुटत नाही.”

उल्हासरावांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली, जुन्या ओढणीत गुंडाळली आणि खोक्यात उभी सरकवली. मग खोकं उचलून कानाशी हलवलं. आत काही खुळखुळलं नाही तेव्हाच खाली ठेवलं.

“आवाज आला की समजायचं, आत जागा राहिलीय. जागा राहिली की फूट होते. तिथं मोज्यांचे बोळे कोंबायचे.”

उल्हासराव भिरूड म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, चारूचे यजमान. एका कारखान्याच्या भांडारात होते, आणि वस्तू कुठं नि कशी ठेवावी यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुस्तकं लहान खोक्यात, कारण मोठ्यात भरली की हमाल ते आपटतो. पलंगाचे स्क्रू पुरचुंडीत बांधून पलंगाच्याच पायाला. फ्रीज आदल्या दिवशी रिकामा करून, पुसून, दाराला दोर बांधून उभाच न्यायचा. शिवाय एक पिशवी शेवटी भरून सगळ्यात आधी उघडायची, तिच्यात पहिल्या दिवसाचं सगळं: चहा-साखर, साबण, टॉवेल, मेणबत्ती, औषधं.

“बिऱ्हाड हलवणं म्हणजे काही संकट नाही, ताई. लोक उगाच घाबरतात. ठरवून केलं की माणसाला त्रासच होत नाही,” ते म्हणाले.

चारू पलंगाच्या कडेवर बसून एक नॅपकिन घडी करत होती. घडी झाली की उलगडायची, पुन्हा करायची. माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण त्या दिवशी कोणी आम्हाला पाहिलं असतं तर तिला थोरली म्हटलं असतं.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी तेव्हा जळगावला शाळेत शिकवत होते. चारूचं हे लग्नानंतरचं चौथं बिऱ्हाड. पहिलं आमच्याच गल्लीच्या मागं होतं. तिथं पाणी पुरत नाही म्हणून गावाबाहेरच्या वसाहतीत. तिथं गोंगाट म्हणून भुसावळला. आणि आता यावलच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याकडे, केळीच्या बागांमध्ये कुणा ओळखीच्याचं बांधून पडलेलं घर होतं तिथं. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखंच असायचं. या खेपेचं कारण चारूच होती.

“तुम्ही याच, हेमाताई,” असा त्यांचा फोन आला होता. “तिला धीर येईल. आणि तुम्हीही एकदा आपल्या डोळ्यांनी बघाल. डॉक्टर म्हणालेत, तिला शांत जागा हवी.”

काही महिने ते असं सांगत होते. चारू विसरते. दूध उतू जातं, दार उघडं राहतं, ठेवलेली वस्तू भलतीकडेच सापडते. तिच्याशी नीट बोलणंही होत नव्हतं, कारण तिचा मोबाईल दुरुस्तीला दिला होता तो परत आलाच नव्हता. आई-वडील गेलेले. भाऊ नाही. मी एक दिवसाची रजा टाकली आणि आले.

दुपारच्या आधी उल्हासराव मला गॅलरीत घेऊन गेले. खाली टेम्पो लागत होता. सुपडूभाऊ नावाचा दणकट, पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर हमालांवर ओरडत होता.

“तुमच्यापासून काय लपवायचं,” उल्हासराव हळू आवाजात म्हणाले. “मी चोवीस तास तिच्यावर लक्ष ठेवू शकत नाही. एखाद दिवशी माझा डोळा चुकेल. तुम्ही मनाची तयारी ठेवा, ताई. नंतर कुणी म्हणायला नको, सांगितलं नव्हतं.”

त्यांचे डोळे पाणावले होते. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. या माणसाच्या पदरात काय पडलं, असं मला वाटलं.

आत आल्यावर त्यांनी कपाटातून बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा काढला आणि चारूसमोर धरला.

“चारू, इकडे बघ. यात नव्या घराच्या किल्ल्या आहेत. सगळ्या. हा डबा तुझ्याकडे. हरवायचा नाही हं.”

पहिलीतल्या पोराशी बोलावं तसं बोलले. चारूने मान हलवली. ते दोर आणायला खाली गेले, आणि त्यांची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाल्यावर चारूने डबा माझ्या मांडीत ठेवला.

“ताई, तू ठेव. माझ्याकडून जातो कुठंतरी.”

“अगं, एवढासा डबा—”

“ठेव ना. पाया पडते.”

मी डबा घेतला, स्टीलच्या डब्यांचं खोकं समोरच उघडं होतं त्यात मधोमध बसवला, वरून चादर दाबली आणि खोकं बंद केलं. कात्री सापडेना, म्हणून चिकटपट्टी दातांनी तोडली. ती वाकडी लागली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘डबे आणि किल्ल्या’. सगळ्याच खोक्यांवर मी लिहीत होते. माझं अक्षर मास्तरणीचं, म्हणून ते काम उल्हासरावांनीच मला दिलं होतं.

तेवढ्यात खालच्या नेहेतेकाकूंनी आम्हा बहिणींना चहाला बोलावलं. “जा, जा,” उल्हासराव वर येत म्हणाले. “निरोपाचा चहा नाही म्हणू नये. तोवर मी खोकी दाराशी लावतो.”

काकूंनी चारूच्या डोक्यावरून हात फिरवला. ती बशीत चहा ओतून नुसती बघत राहिली, तेव्हा काकू मला दाराशी घेऊन कुजबुजल्या.

“पोरगी गुणाची गं. पण गॅस उघडा टाकून झोपली होती. सगळ्या घरात वास. उल्हासभाऊ ड्यूटीवरून वेळेवर आले म्हणून. नाहीतर तिच्यासोबत आम्हीही गेलो असतो.”

हे मला माहीत नव्हतं. मी वळून चारूकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. तिने मान खाली घातली.

चारू आणि मी टेम्पोत सुपडूभाऊंच्या शेजारी बसलो. हमाल मागं सामानात. उल्हासराव मोटरसायकलवर पुढं. यावल मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना केळीच लागली. केळीची बाग बाहेरून हिरवीगार दिसते, पण आत शिरलं की भरदुपारीही अंधार असतो; चार पावलांवरचं माणूस दिसत नाही. रस्ता डांबरी होता तो कच्चा झाला, कच्चा होता तो नुसता चाकोरीचा झाला. कितीतरी वेळ एकही घर दिसलं नाही.

“इथं कोण राहतं, भाऊ?” मी विचारलं.

“पाणी द्यायला सालदार गडी येतात, ताई. राहायला कोणी नाही.” सुपडूभाऊ पुढं बघत म्हणाले. “लाईट पण जाऊन-येऊन असती. साहेबांनी काय बघून घेतलं कोणास ठाऊक.”

चारू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. निघताना उल्हासरावांनी तिला गोळी दिली होती, प्रवासात त्रास नको म्हणून.

घर बागेच्या मधोमध होतं. सिमेंटचं, बिनरंगाचं, सगळ्या खिडक्यांना जाड गज. दारापासून थोड्याच अंतरावर विहीर, जमिनीच्या सपाटीला. कठडा नव्हता. मी वाकून बघितलं तर पाणी पार खोल, काळं.

“उल्हासराव, याला कठडा नाही?”

“करायचाय,” हेल्मेट काढत ते म्हणाले. “सवड झाली की पहिलं तेच.”

मग ते चारूकडे वळले. “काढ, चारू. डबा.”

चारू अर्धवट झोपेत उभी होती. हमाल दोर सोडून थांबले. दाराला भलं मोठं कुलूप.

“किल्ल्यांचा डबा, चारू. सकाळी दिला होता तुझ्याकडे. हेमाताईंसमोर दिला.”

“मी...” तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. “मी तो...”

मी सांगायला तोंड उघडलंच होतं. पण त्यांनी हात वर केला. किती समंजस होता तो हात.

“राहू द्या, ताई. तिला ओरडून काय उपयोग. बघतो मीच.” ते टेम्पोत चढले. इकडचं गाठोडं उचल, तिकडची बादली बघ, असं थोडा वेळ केलं. मग फ्रीजचा दोर सोडला, दार उघडलं आणि आतून बिस्किटांचा डबा काढून सगळ्यांना दिसेल असा धरला.

“बघा. फ्रीजमध्ये. असंच करते ती. रोज असंच.”

हमालांतला एक हसला. सुपडूभाऊंनी त्याच्याकडे रोखून पाहिल्यावर गप्प झाला. चारू म्हणाली, “चुकलं माझं. चुकलं.”

डबा तर मी खोक्यात ठेवला होता. ठेवला होता ना? चादर दाबली होती. की ती दुसऱ्या खोक्यात? सकाळपासून किती खोकी बांधली. माझाच गोंधळ होतोय का? खोटं सांगत नाही, तेवढा वेळ मला स्वतःची खात्री देता आली नसती. उन्हात उभी राहून मी माझ्याच हातांवर संशय घेत होते.

कुलूप उघडलं. खोकी उतरू लागली. ‘डबे आणि किल्ल्या’ माझ्यासमोरून एका हमालाच्या खांद्यावरून आत गेलं. मी मागोमाग गेले आणि ते स्वयंपाकघरात ठेवल्यावर खाली वाकले. माझी वाकडी, दातांनी तोडलेली पट्टी मधून सरळ कापलेली होती. तिच्यावर दुसरी पट्टी लावली होती. कात्रीने कापलेली, काटकोनात, एकही सुरकुती नसलेली.

आम्ही काकूंकडे चहा घेत होतो तेव्हा.

मी ती पट्टी उपटली. आत चादर घडी करून ठेवली होती आणि मधोमध, डब्याच्या जागी, मोज्यांचे बोळे कोंबले होते. खोकं हलवलं असतं तरी आवाज आला नसता. खोक्यावर मी लिहिलं असलं तरी डबा चारूने आत ठेवला आणि तिनेच परत काढला, असं मी धरेन, हा त्यांचा हिशोब.

मला मदतीला बोलावलंच नव्हतं. साक्षीला बोलावलं होतं. चारूच्या माहेरचं एक तरी माणूस हवं होतं, जे पुढं कधी पोलिसांसमोर, चार लोकांत सांगेल की हो, तिला काही आठवत नव्हतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढं म्हणजे कशानंतर, हा विचार मनात आला आणि खिडकीच्या गजांतून ती सपाट विहीर दिसली.

त्या क्षणापासून मी त्याला मनातल्या मनात अहोजाहो करणं सोडलं.

चारू आतल्या खोलीत होती. दार लोटताना माझा हात कडीला लागला. कडी नवी होती, तिच्या भोकांखाली अजून लाकडाचा भुसा पडलेला. आणि ती बाहेरून होती. आतल्या बाजूला दाराला काहीच नव्हतं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“चारू, ऐक. डबा तू फ्रीजमध्ये ठेवला नाहीस.”

“ठेवला असेन, ताई. मला कळत नाही.”

“नाही. सकाळी तू डबा मला दिलास.”

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. “दिला होता?” तिचा आवाज इतका बारीक झाला की ओठ बघावे लागले. “मला वाटलं, दिला होता. मग वाटलं, दिल्यासारखं नुसतं वाटतंय.”

“दिला होतास. माझ्या मांडीत ठेवलास, पाया पडते म्हणालीस. मी तो खोक्यात बांधला. तो कुणी काढला ते तुला मी सांगायला हवं का?”

बाहेर उल्हास हमालांना सांगत होता, कपाट भिंतीपासून जरा लांब ठेवा, ओल लागते. त्याचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

“मग दूध?” चारू म्हणाली.

मी दाराकडे नजर ठेवून तिच्याजवळ सरकले.

“आणि आईची बांगडी? ती पिठात सापडली होती. आणि मागचं दार? ताई, मी कडी लावून तीनदा बघायचे. तीनदा.” तिने माझं मनगट धरलं. नखं रुतली. “मग गॅस? तो पण मी नव्हता उघडा टाकला?”

“मला माहीत नाही, चारू. पण मला नाही वाटत.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले आणि तशीच पुढं-मागं झुलत राहिली. मी तिला सांगितलं, टेम्पो दारात आहे तोवर उल्हास काही करणार नाही. त्याला चारचौघांत चांगलं दिसायचं असतं. टेम्पो गेला की मग आपण दोघीच.

“चप्पल घाल,” मी म्हणाले. “बाकी काही घेऊ नकोस.”

बाहेर आलो तेव्हा फक्त पाट्या आणि झाडू उतरायचे राहिले होते. सुपडूभाऊ तंबाखू मळत होते.

“हेमाताई, तुम्ही टेम्पोनेच निघा,” उल्हास म्हणाला. “उजेडात यावलपर्यंत पोचाल. चारू, तू आत जा. तुझी गोळीची वेळ झाली.”

“चारू माझ्यासोबत येतेय,” मी म्हणाले.

“आज?” तो हसला. “आज नव्या घरात पहिला दिवस. दिवा कोण लावणार? पुढच्या महिन्यात मीच आणून सोडतो.”

“आज येतेय.”

तो दोन पावलं पुढं आला आणि चारूच्या दंडाला धरलं. जोरात नाही. एखादी काचेची वस्तू धरावी तसं. “चारू, सांग ताईंना. तुला यायचंय का? तुला माहितीये ना, तुझं बाहेर काय होतं.”

चारूने घराच्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. ती आत जाणार.

मी मोठ्याने, शाळेतल्या आवाजात म्हणाले, “सुपडूभाऊ, माझ्या बहिणीला बरं नाही. तिला दवाखान्यात न्यायचंय. यांनी तिचा हात सोडला की निघू.”

हमाल थबकले. सुपडूभाऊंनी तंबाखू झटकली, सावकाश खाली उतरले आणि टेम्पोचं डावं दार उघडून धरलं. नुसते उभे राहिले.

उल्हासने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग हात सोडला.

“न्या की. मी कुठं अडवतोय? उलट बरंच झालं.” त्याने पहिल्या दिवसाची पिशवी उघडली, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि आम्ही चढल्यावर खिडकीतून माझ्या हातात ठेवलं. “एक सकाळी, एक रात्री. चुकवू नका. आणि सगळ्यांसमोर सांगतो, तिचं काही बरंवाईट झालं तर आता जबाबदारी तुमची.” मग तो खिडकीत वाकला आणि चारूला अगदी मायेने म्हणाला, “चार दिवसांत परत येशील. तुला माझ्याशिवाय काही सापडत नाही.”

टेम्पो हलला. केळीचा अंधार संपून डांबरी रस्ता लागला. यावलचे दिवे दिसल्यावर सुपडूभाऊ म्हणाले, “त्या साहेबाचं याआधीचं सामान पण मीच हलवलं होतं. तेव्हा या ताई गाणं म्हणत खोकी भरत होत्या.” आणि मग चारू रडली.

जळगावच्या डॉक्टरांनी ते पाकीट हातात घेऊन विचारलं, या झोपेच्या गोळ्या दिवसा कोण देतं? कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या, ते उल्हासला कोर्टातही नीट सांगता आलं नाही. पण त्यावरून काही सिद्धही झालं नाही. डबा, दूध, बांगडी, कडी. असल्या गोष्टींचा कोर्टात काय पुरावा द्यायचा? वकील म्हणाले, घटस्फोट मिळतोय, तेवढ्यावर समाधान माना. मिळाला. विहिरीबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

चारूला बरी व्हायला मात्र वेळ लागला. गोळ्या सुटल्या, तरतरी आली, पण कितीतरी दिवस ती एखादी वस्तू ठेवायची आणि मला हाक मारायची. “ताई, बघ. मी इथं ठेवली. तू बघितलंस ना?” मी बघितलं म्हणायचे. हळूहळू हाका कमी झाल्या. मग थांबल्या. ती नोकरीला लागली, जवळच दोन खोल्या घेऊन राहू लागली. उल्हासने दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं, त्याबद्दल आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही.

मागच्या वर्षी एका रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली होती. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे एक बाई होत्या, धुळ्याच्या. नाव सांगताना अडखळत होत्या.

“तुम्ही चारुलताबाईंची बहीण ना? नंबर फार मुश्किलीने मिळाला. माझी धाकटी बहीण... तिचे मिस्टर भिरूड. ती अलीकडे फार विसरायला लागलीय हो. वस्तू कुठंही ठेवते. ते बिचारे किती करतात तिचं. पण मला सारखं वाटतं, म्हणजे काय वाटतं ते सांगता येत नाही—”

बाईंचा आवाज शेजारी बसलेल्या चारूलाही ऐकू जात होता; माझ्या चेहऱ्याकडे बघून ती उठली होती. तिने हात पुढं केला आणि फोन घेतला. मी थांबवलं नाही.

“मी चारुलता बोलतेय,” ती म्हणाली. “एक विचारते. भिरूड घर बदलतायत का?”

मग बाईंचा आवाज मलाही ऐकू आला.

“हो. परवाच. मला मदतीला बोलावलंय. तुम्हाला कसं कळलं?”

चारूने उष्टा हात धुतलाही नाही. डाव्या हाताने माझ्या टेबलावरचं पेन ओढलं, वर्तमानपत्राची कोरी कड समोर घेतली आणि म्हणाली, “परवापर्यंत थांबू नका. तिचा आत्ताचा पत्ता सांगा. आम्ही दोघी निघतोय.”